एक कोळी बागेतला, एक समुद्राच्या तळचा

मराठीत 'कोळी' म्हटले की दोघे जण डोळ्यांसमोर उभे राहतात. एक होडी घेऊन दर्यावर जाणारा आणि दुसरा माळ्यावरच्या अडगळीत आठ पाय पसरून बसलेला. इंग्रजीत या दोघांसाठी दोन वेगळे शब्द लागतात. आपले एकात भागते, कारण दोघांचा धंदा एकच: जाळे लावायचे आणि वाट पाहायची. या दोघांच्या पंगतीला आज एक तिसरा आणून बसवायचा आहे. तो समुद्रात राहतो, पण त्याला होडी नाही. तो जाळे टाकतो, पण त्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंड नाही आणि मेंदू तर नाहीच नाही. त्याचे सगळे शरीर म्हणजे एकच पेशी. नाव फोरॅमिनीफेरा. हे नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून शास्त्रज्ञ मंडळीही त्याला नुसते 'फोरॅम' म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

आधी ओळखीचा गडी घेऊ. कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच काही जाळे विणत नाहीत. रात्री भिंतीवर झुरळामागे धावणारा तो मोठा चपटा कोळी जाळ्याच्या भानगडीत पडत नाही. छताच्या कोपऱ्यातली जळमटे लांब काड्यांसारख्या पायांच्या कोळ्याची, आणि ते काम जरा गबाळेच म्हणायला हवे. कारागिरी पाहायची ती बागेतल्या कोळ्याची. दोन फांद्यांमध्ये गाडीच्या चाकासारखे गोल जाळे टांगणारा हा कोळी कोकणातल्या परसात भेटतो, भाताच्या खाचरात भेटतो, आणि त्याचेच भाऊबंद इंग्लंडच्या बागांतही भेटतात. कोळ्यांवरचे पुष्कळसे संशोधन युरोपातल्या ज्या जातीवर झाले तिच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस असतो. ॲरेनियस डायडेमेटस हे तिचे शास्त्रीय नाव.

हे जाळे विणायला त्याला साधारण तासभर पुरतो, पण त्या तासाभरातले टप्पे पाहण्यासारखे आहेत. पहिला दोरा तो वाऱ्यावर सोडतो. समोरच्या फांदीला तो चिकटला की पूल तयार झाला. मग बाहेरची चौकट, मग मध्यापासून चौकटीपर्यंत चाकाच्या आऱ्या. त्यानंतर मध्याकडून बाहेर जाणारा एक विरळ, कोरडा फेरा तो घालतो. घर बांधताना गवंडी परांची बांधतात ना, तशी ही परांची. तिच्यावर पाय देत देत तो बाहेरून आत येतो आणि येताना चिकट दोऱ्याचे दाट फेरे घालत, कोरडा फेरा तोडत जातो. या चिकट दोऱ्यावर गोंदाचे इवले इवले थेंब ओळीने बसलेले असतात. माशी अडकते ती त्या थेंबांना. कोळी मध्याशी किंवा कडेच्या पानाआड बसून पायांनी दोऱ्यांचा कंप ओळखतो. वाऱ्याची झुळूक कोणती आणि माशीची धडपड कोणती, हे त्याला बिनचूक कळते.

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर उभी आहे. कोळ्याच्या पोटात हा तंतू द्रवरूपात असतो. बाहेर पडताना ताण बसून तो घट्ट होतो, आणि एकदा अंगावेगळा झाला की निर्जीव असतो. आपण केरसुणीने जाळे झाडले तर कोळ्याचे कष्ट वाया जातात, पण त्याच्या अंगाला ओरखडाही उठत नाही. जाळे ही त्याने बनवलेली वस्तू आहे. कोळीवाड्यातल्या माणसाची डोल जशी त्याच्या शरीराचा भाग नसते, तसेच हे.

तरीही कोळी ती वस्तू टाकून देत नाही. जुने जाळे तो खाऊन टाकतो आणि त्याच मालमसाल्यातून नवे विणतो. हे नुसते अंदाजाने म्हटलेले नाही. १९७१ साली डेव्हिड पीकॉल या संशोधकाने जाळ्यातल्या प्रथिनांना किरणोत्सारी खूण लावून पाहिले, तेव्हा खाल्लेल्या जाळ्यातला ९० टक्क्यांहून अधिक माल नव्या जाळ्यात परत आलेला आढळला. मुंडकोपनिषदात ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त आहे. तो तंतू बाहेर सोडतो आणि परत आत घेतो, तसे अक्षरातून विश्व उत्पन्न होते, असे तिथे म्हटले आहे. ज्या कुणी हा दृष्टान्त रचला त्याने कोळ्याकडे आपल्यापेक्षा अधिक बारकाईने पाहिले होते हे नक्की.

असो. आता तिसऱ्या कोळ्याकडे वळू.

फोरॅम हा समुद्रातला अतिप्राचीन रहिवासी. आज जिवंत असलेल्या त्याच्या सुमारे ९,००० जाती माहीत आहेत. काही वरच्या पाण्यात तरंगतात, बहुतेक तळाच्या गाळात, वाळूत, समुद्री गवताच्या पातीवर राहतात. आकाराने बहुतेक मिलिमीटरच्या आत, पण स्कॉटलंडजवळच्या खोल समुद्रात वीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारी एक जातही सापडली आहे. एकपेशीय म्हणजे सूक्ष्मच असणार, ही आपली समजूत तिथे मोडते. अंगाभोवती बहुतेकांचे कवच असते. कुणी ते चुन्याचे घडवतो, कुणी आसपासचे वाळूचे कण वेचून ते एकमेकांना चिकटवतो. कवच वाढत जाते तसतशी त्यात एकापुढे एक दालने होतात.

या कवचानेच शास्त्रज्ञांना पहिल्यांदा चकवले. आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२६ साली या जीवांची पद्धतशीर मांडणी केली आणि त्यांना आजचे नाव दिले, पण दिले माकूल आणि नॉटिलस यांचे चिमुकले जातभाई समजून. एवढे सुबक, वळणदार, दालनांचे कवच ज्याचे आहे तो प्राणीही तसाच गुंतागुंतीचा असणार, असा त्याचा हिशेब. नऊ वर्षांनी, १८३५ साली, फेलिक्स द्युजार्दँ या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने जिवंत फोरॅम सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत ना अवयव, ना जठर, ना काही. होता तो नुसता एक पारदर्शक, चिकट, लवचीक रस. तो कवचाच्या छिद्रातून धाग्यांनी बाहेर येत होता, पसरत होता आणि परत आत जात होता. जिवंत पेशीतल्या रसाचे हे पहिल्यावहिल्या स्पष्ट वर्णनांपैकी एक मानले जाते.

त्या धाग्यांना छद्मपाद म्हणतात, म्हणजे खोटे पाय. शाळेच्या पुस्तकातल्या अमीबाचे छद्मपाद जाड, बोथट, बोटांसारखे असतात. फोरॅमचे कोळ्याच्या दोऱ्यासारखे बारीक असतात. ते फुटतात, शाखा काढतात, आणि दोन शाखा एकमेकींना भिडल्या की त्या ठिकाणी एकजीव होतात. अशी गाठीगाठीने भरलेली जाळी कवचाच्या कित्येक पट रुंद पसरते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला कोळ्याचीच आठवण व्हावी असे ते दृश्य असते.

पण साम्य इथपर्यंतच. जरा अधिक मोठे करून पाहिले की धाग्यावर बारीक कणांची ये-जा दिसते, आणि गंमत अशी की एकाच धाग्यावर काही कण बाहेर जात असतात तर काही त्याच क्षणी आत येत असतात. अप आणि डाऊन गाड्या एकाच रुळावरून, टक्कर न होता! धाग्याच्या आत अतिसूक्ष्म नलिकांच्या जुड्या असतात आणि ही वाहतूक त्यांच्या आधाराने चालते. वेग सेकंदाला मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पेशींच्या जगात ही धावपळच आहे. म्हणजे हे जाळे विणलेले नाहीच, ते वाहते आहे. ज्या धाग्याला भक्ष्य चिकटले, तो धागाच फोरॅम. खबर पोचवायला मध्ये कुणी लागत नाही. धागा तोडला तर तुटलेला तुकडा काही काळ हलत राहतो.

आपल्याकडच्या जाळ्यांच्या भाषेत सांगायचे तर बागेतला कोळी डोल लावतो. जाळे एका जागी बांधून ठेवायचे, वारा किंवा प्रवाह जे आणून टाकील ते आपले. फोरॅमचे काम मालवणकडच्या रापणीला जवळचे: पसरायचे, वेढायचे आणि ओढून आणायचे. फक्त इथे रापण, दोरखंड आणि ओढणारी माणसे, सगळे एकच.

या जाळ्यात सापडते काय? बहुतेकदा सूक्ष्म शैवाल आणि जंतू. पण काही फोरॅम सरळसरळ शिकारी आहेत. तरंगणाऱ्या काही जाती स्वतःएवढ्या किंवा मोठ्या कवचधारी किड्यांना, जवळ्याच्या दूरच्या धाकट्या भावंडांना, धरतात. सर्वांत नवलाचा म्हणजे अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो खाडीच्या तळाशी राहणारा ॲस्ट्रॅमिना रारा. पाणी उणे दोन अंशांच्या जवळपास, खारट म्हणूनच न गोठलेले. त्या गारठ्यात काही मिलिमीटरचा हा एकपेशीय जीव वाळूचे घर करून राहतो आणि अनेकपेशीय प्राण्यांची शिकार करतो. ज्यांना स्नायू आहेत, पाय आहेत, धडपडून सुटण्याचे बळ आहे, ते प्राणी एका पेशीच्या धाग्यांना तोडून का जात नाहीत? सॅम्युएल बाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली याचे उत्तर दिले. या फोरॅमच्या धाग्यांवर पेशीबाहेरच्या चिवट पदार्थाचे वेष्टण असते आणि ताण सोसण्याचे बळ त्यातून येते. थोडक्यात, जिवंत धाग्याला त्याने अंगाबाहेरच्या मालाचा टेकू दिला आहे. कोळ्याची वाट त्याने अर्धी तरी चालली आहे, असे मला हे वाचताना वाटले.

त्याला घरातून काढून उघडा केला तर तो मरत नाही. जाळे पसरतो, आसपासचे वाळूचे कण ओढून आणतो आणि पुन्हा घर बांधतो. इथे खरा प्रश्न सुरू होतो. कोळ्याचे कसब कोळ्याच्या मेंदूत आहे, असे आपण म्हणतो. मग याचे कुठे आहे?

कोळ्याच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. १९४८ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात हान्स पीटर्स या प्राणिशास्त्रज्ञाला कोळी पहाटेच्या अंधारात जाळे विणतात याचा वैताग आला होता. झोपमोड टळावी म्हणून त्याने पीटर विट या औषधशास्त्रज्ञाला, कोळ्यांची वेळ बदलेल असे काही औषध दे, असे सांगितले. विटने साखरपाण्यातून औषधे पाजली. वेळ काही बदलली नाही, पण जाळी मात्र चित्रविचित्र झाली, आणि प्रत्येक औषधाची तऱ्हा निराळी. विटने पुढची अनेक वर्षे याच कामात घालवली. कॅफीन दिल्यावर तर जाळ्याला ना मध्य ना आऱ्या, चार-दोन दोरे कसेबसे टांगलेले. (चहाचे तीन-तीन कप रिचवून हिशेबाला बसणाऱ्यांनी याचा काय तो बोध घ्यावा.) १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकात ॲराबेला आणि अनिता या दोन कोळिणी पाठवण्यात आल्या. ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीची ती कल्पना. वजनच नाहीसे झाल्यावर ॲराबेलाची पहिली जाळी कोपऱ्यात कशीतरी झाली, पण थोड्याच दिवसांत ती पृथ्वीवरच्यासारखे जाळे विणू लागली. दोघींचा शेवट त्या मोहिमेतच झाला. राजाला धीर देणारा पाठ्यपुस्तकातला कोळी सगळ्यांना आठवतो. या दोघीही आठवण्याच्या लायकीच्या होत्या.

म्हणजे जाळे ही कोळ्याच्या मज्जासंस्थेची लिखावटच. ती इतकी गरजेची की अगदी टीचभर कोळ्यांतही निसर्गाने तिच्यात काटछाट केलेली नाही. पनामात काम करणाऱ्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की सर्वांत छोट्या कोळ्यांत मज्जासंस्था शरीराच्या पोकळीचा जवळजवळ ८० टक्के भाग व्यापते आणि पायांतही उतरते. डोक्यात मावेना म्हणून मेंदू पायांत!

आणि फोरॅमकडे एकही मज्जापेशी नाही. तरी काही जाती घराच्या बांधकामाला हाताला लागेल तो कण घेत नाहीत. एक जात ढिगातून नेमक्या समुद्री ताऱ्यांच्या गोतातल्या प्राण्यांच्या अंगच्या बारीक चकत्या निवडते. दुसरी स्पंजाचे लांब काटे तंबूच्या खांबांसारखे वापरून मधल्या जागेत कण बसवते. हे पाहून एडवर्ड हेरॉन-ॲलन या इंग्रज गृहस्थाने १९१५ साली जाहीरपणे मांडले की फोरॅमच्या वागण्यात हेतू आणि बुद्धी दिसते. हे हेरॉन-ॲलन म्हणजे अजब असामी. व्यवसायाने वकील, छंदाने व्हायोलिन बनवणारे. हस्तसामुद्रिकावर पुस्तक लिहिलेले, फारसी शिकून उमर खय्यामचे भाषांतर केलेले, आणि एवढे करून फोरॅमच्या अभ्यासात पुढे रॉयल सोसायटीचे सभासद झालेले. त्यांचे हे म्हणणे अनेक शास्त्रज्ञांना पटले नाही. दगड वेचणे म्हणजे विचार करणे नव्हे, असा आक्षेप होता.

माझ्या मते आक्षेप घेणारे बरोबर होते, पण हेरॉन-ॲलन यांचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. कण निवडला जातो हे खरे आहे. तो पेशीच्या पृष्ठभागाच्या चिकटपणाने, कणाच्या आकाराने, वजनाने निवडला जात असेल. पण मग सुबक काम पाहिले की मागे बुद्धी शोधण्याच्या आपल्या सवयीचे काय? दॉर्बिन्यी तिथेच फसला होता: घर देखणे, म्हणून घरमालक मोठा. आणि हीच कसोटी उलट लावली तर बागेतल्या कोळ्यालाही आपण फार उदारपणे 'कलावंत' म्हणून बसलो आहोत. तोही जाळे शिकत नाही. आईने दाखवले नसताना अंड्यातून निघालेले पिल्लू बेताचे का होईना, चाकच विणते. फरक एवढा की कोळी अडचण आली की जुळवून घेतो. स्कायलॅबमधली ॲराबेला काही जन्मजात शिदोरी घेऊन वजनरहित जागी गेली नव्हती. आठ-दहा मिलिमीटरच्या त्या जिवाच्या मेंदूचे काम मला दिसते ते इथे, चाकाच्या नक्षीत नाही.

दोघांच्या मागे उरते काय, तेही पाहिले पाहिजे. कोळ्याचे जाळे सकाळी असते, संध्याकाळी नसते. क्वचित एखादा दोरा झाडाच्या डिंकात अडकून अंबर बनला तरच तो टिकतो. लेबनॉनमधल्या अशा अंबरात सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा दोरा गोंदाच्या थेंबांसकट सापडला आहे. फोरॅमचे जिवंत जाळे तर मरणाबरोबर विरून जाते, पण चुन्याचे कवच तळाला बसते, आणि कवचांवर कवचे साचून खडक होतात. गिझाच्या पिरॅमिडांचे चिरे अशाच नाण्यासारख्या फोरॅमांनी, नुम्युलाइटांनी, खच्चून भरलेले आहेत. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातली मसूर दगड होऊन पडली आहे, असे तिथले लोक सांगत, आणि दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबोने ते टिपून घेतले होते. आपल्याकडे कच्छच्या चुनखडीत नुम्युलाइट विपुल आहेत. कोणत्या काळात कोणती जात होती हे माहीत असल्याने खडकाचे वय त्यांवरून ठरते, म्हणून तेलविहीर खोदताना वर येणारा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. १९७४ साली ज्या मुंबई हायला तेल लागले तिथे आणि इथे आखातातही ही पद्धत आहे. तेल कंपन्यांत नोकरीला असलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या पगाराला या एकपेशीय जिवाचा असा लांबून हातभार आहे.

अलीकडे मात्र या कवचांकडे काळजीने पाहिले जाते. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो आणि पाणी आम्लतेकडे झुकते. त्यात चुन्याचे कवच घडवणे जड जाते. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दक्षिण महासागरातल्या ग्लोबिजेरिना बुलॉयडिस या तरंगत्या फोरॅमची आजची कवचे तळाच्या गाळातल्या, उद्योगयुगाआधीच्या कवचांशी ताडून पाहिली. आजची कवचे ३० ते ३५ टक्के हलकी भरली. बागेतल्या कोळ्याचे जाळे मोडले तर दुसऱ्या पहाटे तो नवे लावतो. याला मात्र जे पाणी मिळेल त्यातूनच घर करावे लागते.

हे जीव पाहायला अंटार्क्टिकाला जायला नको. आखाताचे पाणी उथळ आणि उबदार, समुद्री गवत भरपूर, त्यामुळे इथल्या किनाऱ्यांची वाळू फोरॅमच्या रिकाम्या कवचांनी समृद्ध आहे. अबू धाबीच्या खाजणांतल्या फोरॅमांवर १९६०च्या दशकापासून अभ्यास होत आला आहे. शुक्रवारी मुलांना घेऊन समुद्रावर जाल तेव्हा भरतीच्या रेषेवरची चिमूटभर बारीक वाळू पुडीत बांधून आणा. ती धुऊन वाळवा, काळ्या कागदावर विरळ पसरा आणि सोनाराकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून, ओल्या कुंचल्याच्या टोकाने कण सरकवत शोधा. चिनी मातीच्या कपासारखी पांढरी, तकतकीत, पंख्याच्या आकाराची काही कवचे दिसतील, काही गोल गुंडाळलेली. मुले म्हणतील, हे तर गोगलगायीचे पिल्लू. तेव्हा एखादे टाचणीने अलगद फोडून दाखवा. गोगलगायीच्या शंखाची नळी आतून सलग असते. फोरॅमच्या घरात खोलीपुढे खोली असते, आणि दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक छिद्र. 'फोरामेन' म्हणजे तेच छिद्र.